डार्टमूरचे दगड वाचायला शिकवणाऱ्या काकांना

प्रिय काका,

साष्टांग नमस्कार.

तुम्ही आणि काकू एक्सेटर सोडून मुलीकडे लेस्टरला राहायला जाताय हे कळलं, तेव्हापासून हे पत्र मनात घोळतंय. ते सगळ्यांसमोर लिहितेय, कारण डेव्हनमध्ये नव्याने येणाऱ्या मराठी माणसांना तुमचं हे काम कळायला हवं. डॉक्टर म्हणून तुम्हाला सगळेच ओळखतात. पण निवृत्तीनंतर रविवारी आम्हाला डार्टमूरवर नेऊन तुम्ही जे दिलंत, त्याबद्दल कुणी लिहिलेलं नाही.

मी इथे आले ती हिवाळ्यात. चार वाजता अंधार, ओळखीचं कुणी नाही, घरात दिवसभर एकटी. मंडळाच्या संक्रांतीला तुम्ही विचारलंत, "बूट चांगले आहेत का? मग रविवारी चल." तुमच्या त्या एका वाक्याने माझा या मुलखाशी संबंध जोडला गेला.

ज्यांनी डार्टमूर पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाकडचं हे उंच, उघडं माळरान. हीदरची बुटकी झुडपं, काटेरी गॉर्सची पिवळी फुलं, पाय ओढून घेणारी दलदल, मोकळी चरणारी तट्टं आणि टेकड्यांच्या माथ्यावर ग्रॅनाइटचे उघडे खडक. त्या खडकांना 'टॉर' म्हणतात. बहुतेक लोक टॉरवर चढतात, फोटो काढतात आणि उतरतात. हेटॉरला तुम्ही आम्हाला माथ्यावर नेलंच नाहीत आधी. बाजूच्या गवतात नेलंत आणि म्हणालात, "खाली बघा. हे कुणी केलं? कशासाठी?"

खाली दगडाचे रूळ होते. लांबट ग्रॅनाइटचे ठोकळे एकापुढे एक बसवलेले, प्रत्येकाची कड कोरून पायरीसारखी खाच काढलेली, म्हणजे गाडीचं चाक बाहेर घसरणार नाही. १८२० साली जॉर्ज टेम्पलर याने खाणीतला दगड कालव्यापर्यंत उतरवायला हा मार्ग बांधला. लोखंड महाग आणि दगड पायाशी, म्हणून रूळही दगडाचेच. वाफेचं इंजिन नाही. भरलेल्या गाड्या उतारावरून खाली जायच्या आणि रिकाम्या गाड्या घोडे ओढत वर आणायचे. वाफेच्या इंजिनाची पहिली सार्वजनिक रेल्वे, इंग्लंडातलीच स्टॉकटन-डार्लिंग्टन, त्यानंतर ५ वर्षांनी धावली आणि आपली बोरीबंदर-ठाणे गाडी ३३ वर्षांनी. मार्गाला जिथे फाटा फुटतो, तिथे तो फाटासुद्धा ग्रॅनाइटात कोरलेला आहे. त्या सांध्यावर तुम्ही मुलांना बोट फिरवायला लावलंत. इथला ग्रॅनाइट कालव्याने टीनमथ बंदरात गेला, तिथून जहाजाने लंडनला, आणि १८३१ साली खुल्या झालेल्या लंडन ब्रिजमध्ये बसला. पुढे तो पूल विकला गेला आणि १९७१ पासून अमेरिकेतल्या ॲरिझोनात उभा आहे. या माळावरच्या कुणा पाथरवटाने फोडलेला दगड आज वाळवंटात आहे, हे सांगताना तुमचा आवाज किती चढला होता! मला तो आवाज फार आवडतो.

पण माझ्यासाठी सगळ्यात मोठी देणगी त्या भोकांची. वाटेवरच्या एका फुटक्या दगडाच्या कडेला बोटाएवढ्या अर्धगोल खाचांची रांग होती. तुम्ही सांगितलंत, साधारण १८०० च्या सुमारास इथे नवी पद्धत आली: पहारीने गोल भोकं पाडायची, प्रत्येक भोकात दोन लोखंडी पट्ट्या आणि मधोमध पाचर, मग रांगेने ठोकत जायचं, की दगड सरळ रेषेत दुभंगतो. त्याआधी चर खोदून त्यात पाचरी मारत, त्याच्या खुणा लांबट असतात. म्हणजे कड चाचपून सांगता येतं, हा दगड साधारण कधी फोडला. पुस्तक लागत नाही, पाटी लागत नाही. पावसात हातमोजा काढून मी ती रांग चाचपली, आणि शेवटचं भोक अर्धवट राहिलेलं लागलं. कुणीतरी तिथे काम थांबवलं होतं. का, याचा विचार मी आठवडाभर करत होते.

डार्टमूरवरच्याच मेरिव्हेललाही तुम्ही असंच केलंत. कांस्ययुगातल्या लोकांनी उभ्या केलेल्या दगडांच्या जोडरांगा आणि त्यांच्या घरांची वर्तुळं तिथे आहेत, त्यासाठीच लोक येतात. तुम्ही त्या वर्तुळांमध्ये आडवं पडलेलं दगडी चाक दाखवलंत, सायडरसाठी, म्हणजे सफरचंदाच्या दारूसाठी, सफरचंदं चिरडायचं, घडवून तिथेच सोडून दिलेलं. आणि जवळच वाटसरूंसाठी १७०० च्या आसपास रोवलेले दगड, एका अंगाला 'टी' म्हणजे टॅव्हिस्टॉक, दुसऱ्या अंगाला 'ए' म्हणजे ॲशबर्टन. धुक्यात घोड्यावर माल लादून जाणाऱ्याला तेवढं एक अक्षर पुरे. १६२५ च्या प्लेगात टॅव्हिस्टॉकच्या लोकांसाठी इथेच धान्य ठेवून जात, अशी आठवण सांगतात. एकाच माळावर इतक्या काळांतली माणसं शेजारी शेजारी, आणि कुणाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही. तुम्ही मात्र त्यांच्याबद्दल नेहमी आदराने बोललात, राजांबद्दल बोलावं तसं.

हाउंड टॉरखालच्या ओसाड मध्ययुगीन वस्तीत काकूंनी एका घराचा उतरता भाग आणि त्यातला चर पाहून लगेच ओळखलं, "हा गोठा!" गुरं आणि माणसं एकाच छपराखाली. ते ओळखायला कोकणातलं आजोळ उपयोगी पडलं, असं त्या म्हणाल्या होत्या. त्यांचेही आभार, डब्यासाठी आणि या नजरेसाठी.

काका, आता मी गावी गेले की गडावर टाक्याच्या कडा न्याहाळत बसते, छिन्नीचे घाव कुठून कुठे गेलेत ते बघते. आईला वाटतं माझं काही हरवलंय. तिलाही आता मी तुमचे दोन प्रश्न विचारते.

तुमचा खुणा केलेला नकाशा तुम्ही मला देऊन गेलात, त्यासाठी वेगळे आभार मानते. मंडळातल्या मुलांना वसंतात हेटॉरला न्यायचं ठरवलंय. दिवस लांब असेल, गॉर्स फुललेला असेल. लेस्टरहून थेट गाडी नसली तरी बर्मिंगहॅमला बदलून दुपारपर्यंत पोचता येतं. आम्ही स्टेशनवर न्यायला येऊ, काकूंनाही घेऊन या. रूळ दाखवायचं काम तुमचं, भोकं शोधायचं काम मुलांचं.

तुमची,
रविवारच्या फिरण्यातली एक