बटण दाबलं, पण पीसी उठेना

प्रिय मित्रा,

तुझा निरोप मिळाला. सगळं जोडून झालं, बटण दाबलं आणि ‘काहीच नाही’, एवढंच तू लिहिलं आहेस. पण हे ‘काहीच नाही’ लोक तीन वेगवेगळ्या दुखण्यांना सरसकट लावतात, तेव्हा आधी तुझं कुठलं ते ठरव. बटण दाबल्यावर एकही पंखा हलत नाही की दिवा लागत नाही, हे एक. पंखे क्षणभर फिरतात, थांबतात, कधी पुन्हापुन्हा तसंच करत राहतात, हे दुसरं. आणि पंखे व्यवस्थित फिरतायत पण पडद्यावर काळोख, हे तिसरं. पहिल्यात एक तर वीज मदरबोर्डपर्यंत, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डापर्यंत, पोचत नाही, किंवा ‘चालू हो’ हा इशारा एसएमपीएसपर्यंत, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यापर्यंत, पोचत नाही. दुसऱ्यात बहुधा कुठेतरी शॉर्ट असतो, म्हणजे वीज नको त्या वाटेने जात असते. तिसऱ्यात वीज ठीक असते, रॅम, डिस्प्ले किंवा बायोसचा (पीसी उठवणाऱ्या, बोर्डातच साठवलेल्या प्रोग्रॅमचा) घोळ असतो. तुझं वर्णन पहिल्यात बसतंय, म्हणून त्यावर जास्त लिहितो.

महागड्या वस्तूवर लगेच संशय घेऊ नकोस. नवाकोरा प्रोसेसर मेलेला निघणं फार विरळा. जुळवणीत चूक असते ती बहुतेक वेळा अर्धवट बसलेल्या कनेक्टरची.

सुरुवात भिंतीपासून कर. त्याच सॉकेटला टेबललॅम्प लावून बघ. एक्स्टेन्शन बोर्ड आणि यूपीएस मधून काढ, वायर थेट भिंतीत लाव. एसएमपीएसच्या मागच्या स्विचवर रेघेची बाजू दाबलेली म्हणजे चालू, गोलाची म्हणजे बंद. हे उलटं समजणारे पुष्कळ आहेत. वायरचं एसएमपीएसकडचं टोकही जोर लावून आत ढकल. ते बसल्यासारखं दिसतं आणि एकदोन मिलिमीटर बाहेर राहिलेलं असतं.

आता कॅबिनेट उघड. यापुढे आतल्या कुठल्याही वायरला हात लावण्याआधी भिंतीतला प्लग काढायचा आणि पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून धरायचं, म्हणजे साठलेली वीज उतरते. हाताने कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करून मगच पार्टला हात लाव. एसएमपीएसचा डबा मात्र कुठल्याही कारणासाठी उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये विजेचा जीवघेणा दाब राहू शकतो.

पहिला संशयित म्हणजे मदरबोर्डचा २४ पिनचा मोठा कनेक्टर. तो बसवायला खराखुरा जोर लागतो, आणि बोर्ड वाकेल या भीतीने माणूस अर्ध्यावर थांबतो. बोर्डाच्या कडेला खालून बोटांचा आधार दे आणि चाप ‘टक्’ वाजून आकड्यात अडकेपर्यंत दाब. नंतर बाजूने टॉर्च मारून बघ, दोन्ही टोकांना फट सारखी दिसायला हवी. कनेक्टर २० अधिक ४ अशा दोन तुकड्यांचा असेल, तर छोटा तुकडा सुटून वर राहिलेला नाही ना ते बघ. दुसरा कनेक्टर प्रोसेसरचा, बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातला ८ पिनचा. तो ४ अधिक ४ असा फुटतो. ग्राफिक्स कार्डाचा ६ अधिक २ असा. दोन्ही दिसायला भावंडं, पण १२ व्होल्ट आणि ग्राउंड (वीज परत जाण्याची, शून्य व्होल्टची बाजू) यांच्या बाजू उलट्यापालट्या आहेत. खाचा जुळत नाहीत म्हणून सहसा चुकीचा बसत नाही; जोर करून बसवला तर शॉर्ट ठरलेला. न जाणारा कनेक्टर कधीच ठोकून बसवू नये.

तुझा एसएमपीएस मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या काढता येणारा, असेल तर एक प्रश्न जरूर विचार: सगळ्या वायरी त्याच्याच खोक्यातल्या आहेत ना? बोर्डाकडची टोकं सगळ्या कंपन्यांची सारखी असतात, एसएमपीएसकडच्या टोकांना मात्र कसलाच सर्वमान्य नियम नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही पिनांची मांडणी वेगळी असू शकते. जुन्या वायरी घरात आहेत म्हणून त्या वापरल्या, तर ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन एसएसडी, हार्डडिस्क कायमच्या जातात. शंका असेल तर आत्ताच सगळ्या काढून ठेव.

एवढं झाल्यावर एसएमपीएस चालू करून बोर्डाकडे बघ, बटण दाबू नकोस. बऱ्याच बोर्डांवर एक छोटा दिवा लागतो. पीसी बंद असतानाही एसएमपीएस ५ व्होल्टची एक वेगळी धार देत असतो, तिचा तो दिवा. तो लागला म्हणजे एवढीच धार पोचतेय. १२ व्होल्टची मुख्य बाजू धडधाकट आहे असा अर्थ त्यातून काढू नकोस.

मग येतं कॅबिनेटचं बटण. ते बटण म्हणजे दोन पिनांना क्षणभर जोडणारा स्विच, आणखी काही नाही. त्याच्या वायरीचा छोटा कनेक्टर बोर्डाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या पिनांवर जातो. बऱ्याच बोर्डांवर तिथे नऊ पिना असतात, दहावीची जागा रिकामी, आणि पॉवर स्विचच्या पिना ६ आणि ८ क्रमांकाच्या. पण सगळे बोर्ड ही मांडणी पाळत नाहीत, म्हणून मॅन्युअलमधली आकृती उघडून एकेक पिन मोज. स्विचला अधिक-उणे नसतं, उलटा लागला तरी चालतो. दिव्यांना असतं, पण दिवा उलटा लागला तर तो फक्त पेटत नाही, पीसी त्यामुळे अडत नाही. खरी चूक होते ती एका पिनेने सरकून लावण्याची, किंवा पॉवर आणि रीसेट यांची अदलाबदल होण्याची.

खात्री करायची तर सगळे छोटे कनेक्टर काढ, आणि पॉवर स्विचच्या दोनच पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक अर्धा सेकंद टेकव. तिथे दाब ५ व्होल्टच्या आतला, त्यामुळे धोका नाही. फक्त शेजारच्या पिनांना लागू देऊ नकोस. पीसी उठला तर दोष कॅबिनेटच्या बटणाचा. तोवर रीसेटची वायर त्या जागी लावून काम चालव, रीसेटचं बटण तसंच असतं.

तरीही मेलेलाच असेल तर मल्टिमीटर काढ. डीसी २० व्होल्टवर ठेव, काळी तार कुठल्याही काळ्या वायरीच्या पिनेला, लाल तार २४ पिनच्या कनेक्टरच्या मागून जांभळ्या वायरीत. बोर्ड जोडलेला असताना तिथे ४.७५ ते ५.२५ व्होल्ट यायला हवेत. ही तीच कायमची धार. ती नसेल तर बोर्डाला दोष देण्यात अर्थ नाही. मग लाल तार हिरव्या वायरीत, म्हणजे १६ क्रमांकाच्या पिनेत घाल. हीच इशाऱ्याची वायर. पीसी बंद असताना तिथे तीन ते पाच व्होल्ट दिसतात. कोणी तरी बटण दाबेल तेव्हा तो आकडा शून्याजवळ कोसळायला हवा, कारण बोर्ड ती वायर ग्राउंडकडे ओढतो. कोसळला आणि तरी पंखे हलले नाहीत, तर एसएमपीएस काम नाकारतोय. एक तर तो बाद आहे किंवा पुढे शॉर्ट आहे म्हणून तो स्वतःला वाचवतोय. कोसळलाच नाही, तर एसएमपीएसला इशाराच मिळालेला नाही, दोष बटण किंवा बोर्डाकडे. माझ्या मते ही एक मोजणी दहा तर्कांहून जास्त सांगते. वायरी सगळ्याच काळ्या असतील तर रंगावर जाता येत नाही; मॅन्युअलची आकृती धर, पिना अंदाजाने मोजू नकोस.

मल्टिमीटर नसेल तर पेपरक्लिपची युक्ती आहे. प्लग काढ, एसएमपीएसची एकूणएक वायर बोर्डापासून आणि डिस्कांपासून सोडव, फक्त एखादा कॅबिनेटचा पंखा जोडलेला ठेव. २४ पिनच्या कनेक्टरमध्ये हिरवी वायर आणि तिच्याशेजारची काळी यांना क्लिप लाव, हात काढ, मग प्लग लावून स्विच चालू कर. पंखा फिरला तर एसएमपीएस निदान सुरू तरी होतोय. कॅबिनेटचा पंखा यासाठीच हवा, कारण हल्लीच्या बऱ्याच एसएमपीएसचा स्वतःचा पंखा भार नसताना फिरतच नाही आणि चांगला डबाही मेल्यासारखा वाटतो. या चाचणीत तो उतरला म्हणजे पूर्ण भार पेलेल असं मात्र नाही.

आता ते क्षणभर फिरून थांबणं. ते दिसलं की मी आधी बोर्डाखाली बघेन. कॅबिनेटमध्ये बोर्डाला टेकू देणारे पितळी स्टँडऑफ असतात. एटीएक्स बोर्डाला साधारण नऊ भोकं. बोर्डाला भोक नाही तिथे एखादा जास्तीचा स्टँडऑफ राहिला, तर तो मागच्या सोल्डरला टेकतो आणि एसएमपीएस ताबडतोब हात आखडता घेतो. बोर्डाखाली घरंगळलेला स्क्रूही तेच करतो. यूएसबी ३ च्या पुढच्या पोर्टाच्या १९ पिनांतली एखादी वाकून शेजारणीला चिकटली असेल, तेही बघ.

हे शोधायचा सरळ उपाय म्हणजे बोर्ड कॅबिनेटबाहेर काढणं. त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेव. चंदेरी पिशवीवर नको, तिचा पृष्ठभाग वीज वाहू शकतो. वर फक्त प्रोसेसर, त्याचा कूलर, रॅमची एकच पट्टी आणि एसएमपीएसचे ते दोन कनेक्टर. ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, पंखे, पुढचे यूएसबी, काहीही नाही. स्क्रू ड्रायव्हरने चालू कर. बाहेर चालला आणि आत नाही, म्हणजे शॉर्ट कॅबिनेटमध्ये. बाहेरही नाही, तर उरलेल्या पाच वस्तूंपैकी एक. चालला तर एका वेळी एकच वस्तू वाढव. दोन वाढवल्या की कोणी खोडा घातला ते कळणार नाही.

तिसरं दुखणं थोडक्यात सांगतो, कारण ते तुझं नसावं. मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डात आहे की बोर्डात? इंटेलच्या एफ अक्षराच्या आणि रायझन ५६०० किंवा ५८००एक्ससारख्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतंच, त्यांच्या बोर्डावरचं एचडीएमआय कधीच चित्र देणार नाही. रॅमच्या चार खाचा असतील आणि पट्ट्या दोन, तर प्रोसेसरकडून दुसरी आणि चौथी, आणि एकच पट्टी असेल तर बहुतेक बोर्डांवर दुसरी. काही खाचांना एकाच बाजूला कुलूप असतं, तिथे दुसरं टोक वर राहतं. दोन्ही टोकं दाबायची. रॅम डीडीआर ५ या नव्या प्रकारची असेल तर पहिल्यांदा बोर्ड रॅमची ओळख करून घेतो, त्यात काही मिनिटं पडदा काळाच राहतो. दहा-पंधरा मिनिटं हात न लावता थांब. बंद केलंस की ते पुन्हा पहिल्यापासून.

बोर्डावर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (सिस्टिम सुरू होणं) असे चार दिवे असतील तर जो अडकून राहतो तो तुझा गुन्हेगार. डीरॅम अडकला तर एकेक पट्टी एकेका खाचेत लावून बघ. सीपीयू अडकला तर आधी बायोस बघ: इंटेलच्या ६०० मालिकेच्या बोर्डात १३व्या पिढीचा प्रोसेसर, किंवा बी६५० बोर्डात रायझन ९००० मालिका, यांना जुनं बायोस चालत नाही. बोर्डाच्या मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर प्रोसेसर न बसवताही ते बदलता येतं. फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह, मॅन्युअलने सांगितलेलं फाइलचं नाव, आणि खूण केलेलंच यूएसबी पोर्ट. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वीज तोडायची नाही. बायोस बरोबर असूनही सीपीयूचा दिवा अडकला, तर सॉकेट उघडून टॉर्च तिरकी धर. पिनांच्या सरळ रांगांत एक जरी वाकडी असली तरी उजेडात चुकीची चमकते. बोट मात्र लावू नकोस. आणि कूलरचे स्क्रू एकाच बाजूने ओढून घट्ट केले असतील तर दाब असमान होऊन रॅम दिसेनाशी होते, हेही इथेच तपास.

हे सगळं करायच्या आधी बायोसच्या सेटिंग एकदा पुसून बघितल्या तरी चालतील: प्लग काढून बोर्डावरचा सीआर २०३२ हा नाण्यासारखा चपटा सेल पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवायचा. नव्या बोर्डावर याने क्वचितच काम होतं, पण खर्च काही नाही.

आता मला एवढंच कळव: एसएमपीएस चालू केल्यावर बोर्डावर दिवा लागतो का, जांभळ्या वायरीत किती व्होल्ट आले, आणि बटण दाबताना हिरव्या वायरीचा आकडा पडतो की नाही. बोर्डाचं आणि एसएमपीएसचं मॉडेल खोक्यावरून जसंच्या तसं लिहून पाठव, आणि २४ पिनच्या कनेक्टरचा बाजूने काढलेला फोटोही.

तुझाच
मित्र