मुक्काम एकाच हॉटेलात टाका

प्रिय आई-बाबा,

नमस्कार. बाबा, कोकणच्या सहलीसाठी तुम्ही पाठवलेले हॉटेलांचे सगळे फोटो बघितले, झोक्याचा पण बघितला आणि त्या गॅलरीतून दिसणाऱ्या समुद्राचा तर तुम्ही तीनदा पाठवलाय. फोनवर बोलायला गेलं की आई मधेच कुकर बंद करायला जाते आणि तुम्ही "बघू की" म्हणून विषय मिटवता, म्हणून हे सगळं नीट लिहून पाठवतेय, दोघांनी चष्मा लावून वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे तो रोज नवीन गाव, रोज नवीन हॉटेल असला प्लॅन सोडून द्या. एक रात्र गणपतीपुळे, एक पावस, एक गुहागर, म्हणजे रोज सकाळी बॅगा भरायच्या, आईच्या गोळ्यांचा डबा शोधायचा, चेकआउटच्या आत खोली सोडायची आणि नवीन खोली मिळेपर्यंत कुठल्यातरी लॉबीत बसून राहायचं. आईच्या गुडघ्यांना हे झेपणार नाही आणि बाबा, तुमची झोप नवीन जागी पहिल्या रात्री लागतच नाही, मग रोजच पहिली रात्र कशाला? एकाच ठिकाणी खोली घ्या, बॅग एकदाच उघडा, आणि गाडी घेऊन सकाळी एका बाजूला, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूला असं फिरा.

ते ठिकाण माझ्या मते रत्नागिरी शहर. बाबा लगेच म्हणणार, समुद्र बघायला जायचं आणि शहरात राहायचं? तर ऐका. कोकणात वर सडा, म्हणजे खडकाळ पठार असतं आणि ते खाली समुद्राकडे एकदम उतरतं, त्यामुळे फोटोत ज्या खोलीतून इतका छान समुद्र दिसतो ती बहुतेक वर चढावर असते आणि किनाऱ्यावर जायला खाली उतरावं लागतं, जांभ्या दगडाच्या पायऱ्या, त्या पण उंचसखल, संध्याकाळी परत वर चढायचं. आणि किनाऱ्याला लागून जी घरगुती राहायची सोय असते तिथली गल्ली एवढी अरुंद की गाडी लांब लावून चालत जायचं. समुद्र तुम्हाला दिवसभर दिसणारच आहे हो बाबा, रात्री अंधारात काय दिसतो? रात्री पलंग बरा पाहिजे, बाथरूम कोरडं पाहिजे, कमोड पाहिजे आणि लिफ्ट पाहिजे. मी एका हॉटेलला फोन करून लिफ्ट आहे का विचारलं तर तो म्हणतो, ताई, एकच तर मजला चढायचाय! ते नाव काटून टाकलं.

शिवाय शहरात दवाखाने आहेत, औषधांची दुकानं आहेत. आईच्या बीपीचा विचार करता मला हे गॅलरीपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

आता फिरायचं बघा. उत्तरेला आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळे साधारण पंचवीस किलोमीटर, तो रस्ताच इतका सुंदर की ड्रायव्हरला सांगून ठेवा, जाताना याच बाजूने घ्यायचं, हायवेने निवळीवरून नेलं तर जवळपास दुप्पट अंतर पडतं आणि समुद्र पण दिसत नाही. गणपतीपुळ्याला देऊळ अगदी वाळूला लागून, आणि प्रदक्षिणा देवळाला नाही, अख्ख्या टेकडीला घालतात, साधारण एक किलोमीटर होते. आई, जमेल तेवढी घाल, अर्ध्यातून परत फिरलीस तरी गणपती रागवत नाही. बाबा, तिथल्या पाण्यात गुडघ्याच्या वर जायचं नाही, तो किनारा पोहायला धोक्याचा आहे, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास भरतीचं उधाण मोठं असतं. पुढे मालगुंडला केशवसुतांचं स्मारक, त्याच्या पुढे जयगडचा किल्ला. जयगडहून फेरीबोटीत गाडी टाकून पलीकडे तवसाळला जाता येतं. मधे शास्त्री नदीची खाडी आहे, बोटीने थोड्या वेळात पार होते आणि रस्त्याने गेलं की भला मोठा वळसा. कोकणात नकाशावर जवळ दिसतं ते जवळ असेलच असं नाही, मधे खाडी आहे का आणि तिच्यावर पूल आहे का ते आधी बघायचं.

दुसऱ्या दिवशी दक्षिणेला. भाट्याच्या खाडीवरचा पूल ओलांडून पावस, स्वामी स्वरूपानंदांची समाधी, आईला तिथे किती वेळ बसायचंय तेवढं बसू द्या, घड्याळ बघू नका. तिथून पुढे पूर्णगड, आणि अंगात ताकद उरली तर कशेळीचं कनकादित्य, म्हणजे सूर्याचं देऊळ.

आणि एक दिवस कुठेच नका जाऊ, शहरातच. थिबा पॅलेस बघा, ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी 1885 मध्ये पकडून देशाबाहेर काढलं आणि रत्नागिरीत आणून ठेवलं, 1910 मध्ये त्याच्यासाठी हा वाडा बांधला आणि 1916 मध्ये राजा तिथेच वारला. टिळकांचं जन्मस्थान आहे, 1931 चं पतितपावन मंदिर आहे, सावरकरांच्या पुढाकारातलं, भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं. बाबांचा अर्धा दिवस तिथेच जाणार, मला माहितीये.

निघायचं सिद्धेश्वराची गड्डा यात्रा झाल्यावरच, नंदीध्वज बघितल्याशिवाय आई काही सोलापूर सोडणार नाही. पण संकष्टी बघून घ्या. आई, तू म्हणशील चतुर्थीलाच दर्शन घेऊ, नको, गर्दीत तासन्तास उभं राहावं लागेल, आणि अंगारकी असेल तर विचारूच नकोस. शनिवार-रविवार पण टाळा, भाडं वाढवतात. जाताना मंगळवेढा, सांगोला, मिरज करत कोल्हापूरला जेवा, जमलं तर रात्री तिथेच थांबा, ही एकच जादा रात्र मला मान्य आहे. पुढे आंबा घाट आहे, बाबांची उलटीची गोळी घाटाच्या आधी, घाटात नाही.

बुकिंगआधी मी हॉटेलवाल्याला विचारणार आहे ते असं, व्हेज स्वयंपाक वेगळा होतो का, लाईट गेल्यावर लिफ्ट जनरेटरवर चालते का, ड्रायव्हरच्या झोपायची सोय काय, आणि खोलीत ओल येते का. ही ओल महत्त्वाची, आपल्या कोरड्या हवेतल्या माणसाला दमट खोलीत लगेच खोकला धरतो. आणि आई, कडक भाकरी भरपूर करून नेऊ नकोस, त्या हवेत सादळतात, शेंगाचटणी मात्र ने, घट्ट झाकणाच्या डब्यात. तिथे सोलकढी आणि उकडीचे मोदक खा, आंबा जानेवारीत मिळायचा नाही.

तुम्ही दोघं बोलून तारीख कळवा आणि आधारकार्डाचे फोटो पाठवा. बाबा, लॅमिनेशनवर फ्लॅश चमकतो आणि नंबर दिसत नाही, म्हणून खिडकीपाशी उजेडात काढा. ॲडव्हान्स मी भरते, त्यावरून वाद नको.

तुमची,
छकुली