स्की शिकायला छोटा उतार आणि चार दिवस

महोदय,

हिवाळी सहलींच्या जाहिरातींत ‘बर्फात स्कीइंग’ ही ओळ हमखास असते. प्रत्यक्षात भाड्याचे बूट, हात धरून ओढणारा मदतनीस आणि फोटोपुरता अर्धा तास, एवढ्यावरच ते बहुतेकदा संपते. मुलांसह सगळ्या घराला स्की शिकायचे असेल, तर एकाच छोट्या, सौम्य उतारावर सलग चार दिवस द्यायला हवेत. गुलमर्गला (सुमारे २६५० मीटर) गोंडोलाच्या (तारेवरून वर नेणाऱ्या पाळण्याच्या) पायथ्याचे उतार त्यासाठी उत्तम आहेत. गोंडोलाचा दुसरा टप्पा मात्र जवळजवळ ३९५० मीटरवर नेतो. तिथला उतार तीव्र असतो, हिमस्खलनाचा धोका असतो. नवशिक्यांनी तिथे स्की नेऊच नये. उत्तराखंडमधील औलीही चांगले, पण जोशीमठहून वर जाणारा रोपवे जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचल्याने बंद करावा लागला. तो चालू असेल असे धरून खाली मुक्काम करू नये. वर, उताराजवळच राहावे.

नाताळची सुट्टी शाळेच्या सोयीची आहे, बर्फाच्या नव्हे. जानेवारी २०२४ मध्ये ऐन चिल्लई कलानमध्ये (काश्मीरमधील कडाक्याच्या थंडीच्या चाळीस दिवसांत) गुलमर्ग महिनाअखेरीपर्यंत जवळपास कोरडेच होते. फेब्रुवारीचे पहिले तीन आठवडे अधिक भरवशाचे. शाळा चार दिवस बुडाली तरी चालेल. पुणे जेमतेम साडेपाचशे मीटरवर असल्याने उंचीची सवय होण्यासाठी पोहोचल्याचा दिवस विश्रांतीचा ठेवावा.

सर्वांत जास्त चुका बुटांत होतात. पाय दुखू नये म्हणून एक माप मोठा बूट मागितला जातो आणि आत दोन जोड मोजे घातले जातात. मोठ्या बुटात टाच उचलली जाते, मग स्की वळत नाही. मोज्यांच्या घड्यांनी फोड येतात आणि रक्तपुरवठा दाबला गेल्याने पाय उलट अधिकच गारठतो. गुडघ्यापर्यंतचा एकच पातळ लोकरी मोजा पुरे. सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की सुटावीत. पँटची कड बुटात कोंबू नये. जीन्स तर नकोच, ती भिजते आणि वाळत नाही.

स्कीची लांबी छाती ते हनुवटीच्या दरम्यान असावी. बूट जिथे अडकतो त्या बाइंडिंगचा ताण वजन, उंची, वय, सराव आणि बुटाच्या तळाची लांबी पाहून लावायचा असतो. आधीच्या गिऱ्हाइकाचा ताण तसाच राहिलेला असू शकतो. तो जास्त असेल तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो. म्हणून तो स्वतःसमोर लावून घ्यावा. बूट खटकन बसत नसेल तर बहुधा तळाला बर्फ चिकटलेला असतो. काठीने खरवडावा, पाय आपटू नये.

पहिला तास सपाटीवर, एकाच पायात स्की घालून सरकण्याचा. मुलांना त्या दिवशी काठ्या देऊ नयेत, हात गुंततात. मग पाचर, म्हणजे वेग रोखण्याची ठेवण: स्कीची पुढची टोके वीतभर अंतरावर, मागच्या शेपट्या लांब फाकलेल्या, गुडघे पुढे, नडगी बुटाच्या पुढच्या भागाला टेकलेली. वेग वाढला की भीतीने माणूस मागे झुकतो आणि नेमका तिथेच ताबा जातो, कारण टोकांवरचा भार निघून जातो. तोल गेलाच तर बाजूला बसावे. उठण्याआधी दोन्ही स्की उताराला आडव्या, शरीराच्या खालच्या बाजूला घ्याव्यात. ओढून नेणाऱ्या लिफ्टच्या दांड्यावर बसायचे नसते, उभेच राहायचे. पडल्यास दांडा सोडून ताबडतोब मार्गातून बाजूला व्हावे, मागून दुसरा येत असतो.

सकाळी बर्फ रात्रीच्या थंडीने टणक असतो, दुपारी उन्हाने लगदा होऊन स्की अडकवतो. दहा ते बारा ही वेळ शिकण्याची. थकलेले मूल ‘अजून एकदाच’ म्हणाले तरी थांबवावे. ढगाळ दिवशीही गॉगल हवाच. ताजा बर्फ अतिनील किरणांचा मोठा भाग डोळ्यांवर परत फेकतो.

पुण्यातील सहल आयोजकांना विनंती: कार्यक्रमपत्रिकेत प्रत्यक्ष उतारावरचे तास, एका प्रशिक्षकामागे किती मुले आणि हेल्मेट भाड्यात धरले आहे की नाही, हे छापावे. पालकांनीही पैसे भरण्याआधी या तीन गोष्टी विचाराव्यात.

– एक स्की प्रशिक्षक, कोथरूड, पुणे