वोयचेख यांचे गाव

कोल्हापूर

चि. सौ. मृण्मयी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. जावईबापूंचे पणजोबा वोयचेख, जे पोट भरायला अमेरिकेस गेले, त्यांचे पोलंडमधील जन्मगाव शोधण्याचे तुम्ही उभयतांनी मनावर घेतले, याचा आनंद झाला. मात्र सोबतची वंशावळ पाहून भूमी अभिलेख कार्यालयात उभी नोकरी केलेल्या माणसाची झोप उडाली, हेही सांगतो. कोणा परक्याने जुळवलेल्या वंशावळीतला वोयचेख केवळ नाव-आडनाव सारखे म्हणून तुम्ही आपला मानला आहे. एवढ्याच आधारावर आम्ही वारसनोंदी मंजूर केल्या असत्या, तर निम्म्या तालुक्याच्या जमिनी भलत्यांच्या नावे चढल्या असत्या.

आधी गाव ठरवा, मग नाव शोधा. १९१० च्या अमेरिकन जनगणनेत पणजोबांचा जन्मदेश ‘ऑस्ट्रिया’ आहे, म्हणून जावईबापूंनी बुचकळ्यात पडण्याचे कारण नाही. १७७२ ते १७९५ या काळात रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंड आपसांत वाटून घेतला आणि १९१८ पर्यंत स्वतंत्र पोलंड उरलाच नव्हता. तेव्हा पोलिश बोलणाऱ्या माणसापुढे ‘ऑस्ट्रिया’ लिहिले असेल, तर बहुतेक वेळा गॅलिशिया प्रांत समजावा. त्या प्रांताचा पश्चिम भाग आज पोलंडमध्ये आणि पूर्व भाग युक्रेनमध्ये आहे. घरात ऐकिवात असलेले ‘दोंब्रोवा’ हे नाव मात्र पुरेसे नाही. त्याचा अर्थ ओकची राई, आणि आपल्याकडे जशी वडगावे ठिकठिकाणी आहेत, तशा तिकडे दोंब्रोवा आहेत. कोणती दोंब्रोवा, हे सांगणारा कागद पोलंडमध्ये धुंडाळू नका. तो बहुधा शिकागोतच आहे.

त्यांचा विवाह ज्या पोलिश चर्चमध्ये झाला, तेथील विवाहनोंदवही प्रथम पाहा. स्थलांतरितांसाठी उभारलेल्या चर्चमधील पोलिश पाद्री वधूवरांचे मूळ गाव पुष्कळदा लिहून ठेवत. नागरिकत्वाचा अर्ज १९०६ नंतरचा असेल, तर त्यात जन्मस्थळ आणि जहाजाचे नाव मिळेल. १९४२ साली पंचेचाळीस ते चौसष्ट वर्षांच्या पुरुषांचीही लष्करी नोंदणी झाली होती. त्या कार्डावर जन्मस्थळाचा रकाना आहे. मृत्यूच्या दाखल्यावर फार विसंबू नका, कारण ती माहिती देणाऱ्या मुलांनी ते गाव पाहिलेले नसते.

जहाजाच्या यादीविषयी थोडे सविस्तर लिहितो. न्यूयॉर्कच्या बंदरात स्थलांतरितांची तपासणी होई त्या एलिस बेटावरील कारकुनांनी नाव बदलले, ही तुमच्या घरची कथा मला पटत नाही. ते कारकून निघण्याच्या बंदरात आधीच तयार झालेल्या यादीवरून माणसे तपासत. म्हणून यादीत आधी मूळ पोलिश स्पेलिंगने नाव शोधावे. १९०७ पासूनच्या यादीत मायदेशी राहिलेल्या जवळच्या नातलगाचे नाव व पत्ताही विचारला जाई, आणि बाप किंवा बायको गावात मागे राहिली असेल, तर तेवढ्यावरच गाव उलगडते. जावईबापूंना आजोबांकडून ऐकलेला ‘आल्बर्ट’ कोणी वेगळा नसावा. लॅटिन नोंदीत वोयचेखचा आदाल्बेर्तुस होतो आणि अमेरिकेत त्याचाच आल्बर्ट, कधी जॉर्जसुद्धा होतो.

गाव ठरल्यावर पुढचे काम मला आपल्या दप्तरासारखेच वाटते. सम्राट दुसऱ्या जोसेफच्या १७८४ च्या फर्मानानंतर गॅलिशियातील चर्चची जन्म, विवाह व मृत्यू यांची रजिस्टरे रकान्यांत आणि लॅटिनमध्ये ठेवली जात. गाव रशियाच्या वाट्याचे असते, तर १८६८ नंतरच्या नोंदी रशियनमध्ये वाचाव्या लागल्या असत्या. त्या मानाने ठराविक लॅटिन शब्द सोपे. त्या रजिस्टरात घर क्रमांकाचा रकाना असतो आणि माझ्या दृष्टीने तो नावापेक्षा मोलाचा आहे. एकाच गावात एकाच वर्षी दोन वोयचेख जन्मू शकतात, दोघांच्या बापांची नावेही सारखी असू शकतात. अशा वेळी घर क्रमांक, आईचे माहेरचे आडनाव आणि धर्मपालक (बाप्तिस्म्याच्या वेळी मानलेले आईबाप) यांवरून निवाडा करावा. आपल्या गटवारीत जुने सर्व्हे नंबर बदलले, तसे तिकडेही घरांचे क्रमांक कधी कधी बदलले आहेत, एवढे ध्यानात ठेवा. शंभर वर्षांपूर्वीच्या जन्मनोंदी तिकडे खुल्या असल्याने पणजोबांच्या १८८८ च्या सुमाराच्या नोंदीला तो अडसर नाही. बहिणींच्या आडनावाचा शेवट ‘स्की’ऐवजी ‘स्का’ असा दिसेल. ते दुसरे घराणे समजू नका.

वळिवड्याच्या छावणीत कोणी नातलग असेल का, असे जावईबापूंनी विचारले आहे. १९४३ ते १९४८ या काळात आपल्या कोल्हापूरजवळ सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते हे खरे. पण ते पूर्व पोलंडमधून सोव्हिएत संघात हद्दपार झालेले, आणि वोयचेख त्यांच्या कितीतरी आधी पोट भरायला अमेरिकेस गेलेले. गाव हाती येण्यापूर्वी ती वाट धरू नये.

विवाहनोंद मिळाली की संपूर्ण पानाचे छायाचित्र पाठव. आपल्यापुरती ओळ कापून घेऊ नकोस. समासातील मजकूर आणि वरखालच्या नोंदीही मला पाहायच्या आहेत. छोटीला गोड पापा, जावईबापूंना नमस्कार.

तुझा,
बाबा