सॉलिड अ‍ॅक्सल बसवलेल्या गाड्यांबाबत परिवहनमंत्र्यांना खुले पत्र

मा. परिवहनमंत्री यांस,

स.न.वि.वि.

पुढचे इंडिपेंडंट सस्पेन्शन (दोन्ही चाके स्वतंत्रपणे वर-खाली होणारी रचना) काढून तिथे सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड आस) बसवलेले ऑफ-रोड ट्रक आज रस्त्यावर धावत आहेत. कागदोपत्री मात्र ते कारखान्यातून निघाले तसेच आहेत. ही लपवाछपवी संपावी आणि या कामाची रीतसर तपासणी व्हावी, यासाठी हे पत्र.

हे सगळे नुसत्या हौसेपोटी चालते, असा समज आहे. हौस असतेच, पण कारणही असते. इंडिपेंडंट सस्पेन्शनची गाडी उंच केली की चाकांना इंजिनची ताकद पोचवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट तिरके होतात, त्यांवरची रबरी आवरणे (बूट) फाटतात आणि खडकात अडकलेल्या चाकावर जोर आला की शाफ्ट तुटतो. शिवाय सस्पेन्शन दबले की गाडीचे पोट जमिनीकडे येते. सॉलिड अ‍ॅक्सलमध्ये डिफरन्शियल (दोन्ही चाकांत ताकद वाटणारा गिअरचा गोळा) चाकांबरोबरच वर-खाली होते, त्यामुळे त्याच्याखालची जागा तेवढीच राहते. एक चाक दगडावर चढले की दुसरे खाली रेटले जाऊन जमीन धरते.

सॉलिड अ‍ॅक्सल ही मुळात धोकादायक वस्तू नव्हे. जीप रँग्लर आणि सुझुकी जिम्नी यांना आजही पुढे-मागे तोच असतो. उत्तर अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टोयोटाच्या फोर-व्हील (चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या) पिकअपला १९८५ पर्यंत पुढे सॉलिड अ‍ॅक्सल होता, १९८६ च्या मॉडेलपासून तो गेला. गेला त्यालाही कारण होते. वजनदार अ‍ॅक्सल थेट चाकांबरोबर नाचतो, म्हणून खराब डांबरी रस्त्यावर वेगात गाडी तितकी स्थिर राहत नाही. रोज हायवेवर फिरणाऱ्याने हा बदल करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरा धोका जोडकामात आहे. जुने ब्रॅकेट गॅस कटरने कापताना चासीचा पत्रा जळतो आणि त्याच जागी नव्या अ‍ॅक्सलचा सगळा भार येतो. स्टिअरिंग बॉक्स नव्या जागी बोल्ट करताना चासीला आतून आधार दिला नाही, तर तिथे तडे जातात. कॉइल स्प्रिंगच्या रचनेत पॅनहार्ड रॉड (अ‍ॅक्सलला आडवे सरकू न देणारा दांडा) आणि ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकांकडे जाणारा दांडा) यांची लांबी व कोन जुळले नाहीत, तर प्रत्येक खड्ड्यात चाके आपोआप वळतात. ढिले सांधे आणि चुकीचा कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळते त्याचा पुढे-मागे कल) यांनी तर वेगात पुढची चाके अशी थरथरू लागतात, की स्टिअरिंग हातात राहत नाही. अ‍ॅक्सल पूर्ण खाली लोंबला की आखूड ब्रेक होज (ब्रेकच्या तेलाची नळी) ताणला जातो. पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचे रेशो (गिअरचे प्रमाण) वेगळे असले, तर फोर-व्हीलमध्ये टाकताच गिअर एकमेकांशी भांडतात. ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या एबीएसचे सेन्सर कुठे गेले, हे तर बहुतेकदा कोणी विचारतही नाही.

यातले बहुतेक दोष उघड्या डोळ्यांनी, टॉर्च आणि मोजपट्टी घेऊन, जॅकवर चढवलेल्या गाडीखाली सापडतात. पण आपला निरीक्षक गाडी मूळ नमुन्यासारखी आहे का, एवढेच पाहतो. नाही म्हटले की विषय संपला. म्हणजे उत्तम वेल्डिंग आणि भंगार वेल्डिंग या दोघांना एकच शेरा! मग चांगले काम करणाऱ्यानेही ते का दाखवावे?

इतर देशांत याची सोय आहे. ऑस्ट्रेलियात हलक्या वाहनांच्या बदलांसाठी राष्ट्रीय संहिता आहे आणि मोठ्या बदलांना मान्यताप्राप्त अभियंत्याचे प्रमाणपत्र लागते. जर्मनीत अधिकृत तज्ज्ञ एकेक गाडी तपासून मान्यता देतात. आपणही अर्ज, कामाआधी आराखडा, वेल्डिंगवर रंग चढण्यापूर्वी एक पाहणी आणि शेवटी ब्रेक व स्टिअरिंगची रस्त्यावर चाचणी, असा मार्ग आखावा. फी भरायला लोक तयार होतील. नापास गाडी रस्त्यावर येऊ नये, यालाही माझा पूर्ण पाठिंबा आहे.

आधीच बदललेल्या गाड्यांसाठी मात्र ठरावीक मुदत द्या आणि त्या काळात स्वतःहून तपासणीला येणाऱ्याला दंड करू नका. पहिल्याच दिवशी पावती फाडली, तर ज्या गाड्या आधी तपासायला हव्यात, त्याच फिरकणार नाहीत.

कळावे,
एक ऑफ-रोड वाहनधारक