काका, ओलीचा माग काढायला शिकवल्याबद्दल

काका,
सप्रेम नमस्कार.

घर दुरुस्त होऊन भाड्याने गेलं, कर्जाचा हप्ता आता भाड्यातून निघतो. फोनवर आभार मानू लागले की तुम्ही "बरं, पुढचं सांग" म्हणून विषय संपवता. म्हणून लिहून पाठवते आहे, आणि उघडपणे. पडीक घर स्वस्तात घ्यायचं, दुरुस्त करायचं आणि त्यावर चार पैसे मिळवायचे, असं ठरवणारे पुष्कळ जण असतात. तुम्ही मला जे दाखवलंत, ते त्यांच्यापैकी फारच थोड्यांना कुणी दाखवतं.

पहिल्या पाहणीत तुम्ही घरात शिरायची घाईच केली नाहीत. आधी बाहेरून चक्कर मारलीत. पन्हळ कुठे फुटली आहे, गच्चीचं पाणी नेमकं कुठे पडतं, जमिनीचा उतार भिंतीकडे आहे की भिंतीपासून लांब, वर्षानुवर्षं भर पडून बाहेरची माती जोत्याच्या वर आली आहे का, हे सगळं पाहिलंत. मग आत येऊन बैठकीच्या एकाच भिंतीला दिलेल्या ताज्या रंगाकडे बोट दाखवलंत आणि म्हणालात, "या भिंतीला काय झालं होतं, ते आधी विचार." घर बघताना सगळ्यात आधी काय विचारायचं, ते मला तिथे कळलं.

ओल आली म्हणजे वॉटरप्रूफिंग करायचं, एवढंच सगळे सांगतात. ती येते कुठून, हे तुम्ही शोधायला लावलंत. जमिनीतून चढणारी ओल साधारण मीटरभर उंचीवर थांबते आणि वरच्या कडेला क्षारांची पांढरट रेघ सोडते. गच्चीतून उतरणारी छताजवळ सुरू होते आणि पावसाबरोबर वाढते. पाइप गळत असेल तर ऋतू कुठलाही असो, डाग तसाच ओला. आणि काही वेळा भिंत ओली नसतेच, खोलीतली दमट हवा थंड भिंतीवर पाणी सोडत असते. हे ओळखायला तुम्ही प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवलात आणि दोन दिवस ठेवलात. थेंब प्लास्टिकच्या मागे जमले, म्हणजे पाणी भिंतीतूनच येत होतं. या तपासणीला जवळजवळ काहीच खर्च आला नाही, आणि तिच्यामुळे हजारो रुपयांचं चुकीचं काम टळलं.

जुन्या भिंती चुन्याच्या होत्या. ठेकेदार वरून दणकट सिमेंटचा गिलावा सुचवत होता. तुम्ही त्याला शांतपणे समजावलंत की चुन्याची भिंत आतली ओल बाहेर सोडत राहते. वर सिमेंटचा थर बसला की ती ओल आत अडकते आणि काही काळाने गिलावा पोपड्यांसकट सुटतो. बाहेरची माती जोत्याखाली उतरवली, पाण्याला वाट करून दिली आणि भिंतींना पुन्हा चुन्याचाच गिलावा केला. त्या भिंती आज कोरड्या आहेत.

मागच्या बाजूच्या नव्या खोलीचा स्लॅब मात्र वेगळं प्रकरण होतं. हातोडीने हलके ठोकत तुम्ही बद्द आवाज येणाऱ्या जागा खडूने आखल्यात. सळई गंजली की फुगते, गंज मूळ लोखंडाच्या किमान दुप्पट जागा मागतो आणि काँक्रीट आतून फोडतो. त्यामुळे वरून सिमेंट लिंपून भागणार नव्हतं. पोकळ भाग फोडला, गंज घासून काढला, जिथे सळई झिजून बारीक झाली होती तिथे नवी जोडली, मग दुरुस्तीच्या मसाल्याने भरलं. गच्चीला ढाळ देऊन कोबा केला आणि 48 तास पाणी साठवून ठेवलं. खालून एक थेंब आला नाही, तेव्हाच तुम्ही पुढच्या कामाला होकार दिलात.

खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरपी भेग पाहून मी घाबरले होते. तुम्ही मालकांच्या परवानगीने तिच्यावर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवलीत, बाजूला तारीख लिहिलीत, आणि पट्टी तडकते का ते बघायला सांगितलंत. तडकली असती तर पाया अजून खचतो आहे, असं मानून तुम्ही मला हा व्यवहार सोडायला सांगणार होता. पट्टी अखंड राहिली, तेव्हाच मी इसार दिला.

या सगळ्या तपासण्या घर घेण्याआधी झाल्या, म्हणून पैशांचा हिशोबही खरा निघाला. दुरुस्त घराची किंमत 100 धरली तर 70 मधून दुरुस्तीचा खर्च वजा करायचा, आणि उरेल त्याहून जास्त देऊन घर घ्यायचं नाही, हा ढोबळ नियम मी वाचला होता. दुरुस्ती 20 असेल तर खरेदी 50 च्या आत. तुमचं म्हणणं असं की नियम ठीक आहे, पण तो 20 आला कुठून ते सांग. अंदाजाने लिहिलेला आकडा आणि हातोडी मारून काढलेला आकडा यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. त्यावर पंधरा-वीस टक्के राखीव ठेवायला लावलेत. घर रिकामं असतानाचं व्याज, कर, विमा, वीजबिल हेही खर्चातच धरायला लावलेत. यातलं एकही कलम मी स्वतःहून पूर्ण धरलं नसतं, असं मला आज प्रामाणिकपणे वाटतं.

तेच व्याज चालू असताना तुम्ही मला थांबायलाही लावलंत, आणि त्याबद्दल माझे विशेष आभार. स्वयंपाकघराच्या सिमेंट गिलाव्याला किमान सात दिवस पाणी मारायचं, मग महिनाभर वाळू द्यायचा, तोवर रंगाचा डबा उघडायचा नाही. त्या मधल्या काळात सुतारकाम आणि गच्चीचं काम उरकून घेतलंत, म्हणून दिवस वाया गेले नाहीत. वायरिंग त्याआधीच पूर्ण नवं झालं होतं, अर्थिंगसकट, आणि 30 मिलिअँपिअर वीज गळली की पुरवठा आपोआप तोडणारा आरसीसीबी स्विच बसवून. महागड्या फरशीचा विषय निघाला तेव्हा तुम्ही शेजारच्या घरांची भाडी बघून यायला सांगितलंत. फरशीमुळे भाडं वाढणार नव्हतं, ते पैसे गच्चीत गेले.

मिस्त्री, प्लंबर, वायरमन या सगळ्यांशी तुम्ही ज्या आदराने बोललात, तेही मी पाहिलं. काम टप्प्याने, पैसेही टप्प्याने, आणि टप्पा पुरा झाला की त्याच दिवशी. त्यामुळे कुणी काम अर्धवट टाकून गेलं नाही.

आणखी एक. भिंती बुजवण्याआधी तुम्ही प्रत्येक पाइपचा आणि वायरचा मोजपट्टी लावून फोटो काढायला लावला होता. परवा न्हाणीघरातला एक सांधा पाझरू लागला. भाडेकरूंनी मी दिलेली फाइल उघडली, फोटोवरून माप घेतलं, प्लंबरने दोनच फरशा काढल्या आणि संध्याकाळपर्यंत काम झालं. बाकीच्या भिंतीला हातही लावावा लागला नाही. त्यांनी माझे आभार मानले, ते मी तुमच्याकडे पोचवते आहे. माझे तर आहेतच, काका, अगदी मनापासून.

तुमची कृतज्ञ