चटणी पोचली, आई

ती. दादा आणि आई,

साष्टांग नमस्कार. पार्सल मिळालं. येसर मसाला, धपाट्याचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, सगळं नीट आहे. मी मजेत आहे, दोन्ही वेळ जेवते.

आई, चटणी कशी झाली विचारलंस आणि मी विषय बदलला. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. मी ती इथं घरात उघडलीच नाही गं. आम्हा चौघींचं स्वयंपाकघर एकच, आणि त्यातल्या एकीला शेंगदाणा चालत नाही. तू म्हणशील, पित्त उठत असेल, आमसूल लाव. तसलं नाही हे, ॲलर्जी आहे. ओट्यावर सांडलेला कूट तिच्या पावाला लागून पोटात गेला, तरी घसा सुजून श्वास कोंडू शकतो. पर्समध्ये कायम दोन इंजेक्शनं असतात. मांडीत कसं टोचायचं आणि ॲम्ब्युलन्ससाठी लगेच 999 ला कसं कळवायचं, हे तिनं मलाही शिकवलंय.

म्हणून घरात दाणे आणायचेच नाहीत. मला वाटायचं, भाजलं-तळलं की दोष जातो. जात नाही. सॅनिटायझरनंही जात नाही, साबण-पाण्यानंच हात धुवावे लागतात. तू दिलेलं पोळपाट मी गुंडाळून बॅगेत ठेवलं. त्यावर शेंगापोळ्या लाटलेल्या, लाकडाच्या चिरेत काय राहिलं असेल कुणास ठाऊक! घासणीसुद्धा नवी घेतली. दुकानात प्रत्येक पाकीट उलटून वाचते. इथं ब्रिटनच्या कायद्यानं असा त्रास देणारे 14 पदार्थ उठून दिसतील असे छापावे लागतात, तीळही त्यात आहे.

जवसाची चटणी पाठवते म्हणालीस, तीही नको. आपल्या मिक्सरच्या रिंगेत कूट अडकलेला असतो.

दादा, दुसरं घर बघ म्हणू नका. मला ताप आला तेव्हा हीच पोरगी रात्रभर उशाशी बसली होती. आणि चटणी वाया गेली नाही. इथंच राहणाऱ्या, मूळच्या नांदेडच्या एका ताईंकडे ठेवलीय, रविवारी तिथंच भाकरीसोबत खाते. मग हात-तोंड साबणानं धुऊन घरी येते.

50,000 रुपये पाठवलेत. भाव नसताना सोयाबीन विकू नका. छोटीच्या साखरपुड्याला सुट्टी मिळत नाही, तिला मीच फोन करते, तुम्ही काही बोलू नका. औशाच्या स्थळाला एवढ्यात हो म्हणू नका, मी आले की बोलू.

यंदाही येळवशीच्या अमावस्येला शेतात मी नसेन. आई, भज्जीत दाणे नेहमीसारखेच घाल.

तुमची,
माई